दर डोक्यामागे

माझ्या घरात तीन डॉक्टर आहेत. तिघेही इमर्जन्सीचे, म्हणजे रुग्णालयाच्या दारातून आत शिरल्यावर माणसाला सगळ्यात आधी जे भेटतात, किंवा भेटायला हवेत, ते. लेक, जावई आणि मुलगा. लोक म्हणतात, तुम्ही नशीबवान. मी मान डोलावते. घरी आले की हे तिघे सोफ्यावर आडवे होऊन झोपतात, हे लोकांना कुठे माहीत.

तिघांचं शिक्षण एक, काम एक. पैसे मिळण्याची तऱ्हा मात्र तीन, आणि त्यावरून आमच्याकडे जेवताना जेवढे वाद होतात तेवढे सख्ख्या भावांत जमिनीवरून होत नसतील.

लेक सरकारी रुग्णालयात आहे. तिला महिन्याचा ठरलेला पगार. दहा माणसं आली काय आणि शंभर आली काय, पहिल्या तारखेला पैसे तेवढेच. त्यामुळे तिच्याकडे गर्दी म्हणजे शत्रू. तिथे ड्यूटीवर ‘आज जरा शांत आहे’ असं म्हणायची बंदी आहे. एका नव्या नर्सने एकदा म्हटलं आणि थोड्या वेळात एक बस उलटली. तेव्हापासून त्या नर्सबरोबर कोणी चहा प्यायला जात नाही.

जावई तासावर. एक एजन्सी त्याला कुठल्या कुठल्या आडगावच्या रुग्णालयांत पाठवते. तिथे पेशंट येवो न येवो, डॉक्टर हजर पाहिजे. तो खुर्चीत बसून कादंबऱ्या वाचतो आणि मीटर चालू राहतो. सुट्टीच्या दिवशी दर दीडपट, म्हणून सुट्टीच्या दिवशी जावई आम्हाला दिसत नाही. माझ्या सत्तरीच्या वाढदिवसाला मात्र आला होता, चांगला दोन तास बसला. किती पैशांवर पाणी सोडून आला ते त्याने स्वतः नाही सांगितलं, लेकीने सांगितलं.

मुलाचं प्रकरण वेगळं. त्याच्या खासगी रुग्णालयातल्या इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी मिळून एक भागीदारी केली आहे. रुग्णालय पैसे भागीदारीला देतं, भागीदारी ते सगळ्यांत सारखे वाटते. निदान आधी वाटायची.

आता एक मुरगळलेला पाय घ्या. लंगडत लंगडत तो ड्यूटी संपायच्या जरा आधी दारात आला. लेकीच्या रुग्णालयात त्याच्याकडे बघून सगळ्यांना एकदम फोन येतात, कारण उशीर झाला तर तो फुकटचा. जावयाकडे त्याच पायाचं स्वागत होतं, त्याला बसवतात, पुन्हा एकदा नीट बघतात, कारण ड्यूटी लांबली तर एक तास वाढतो. पाय तोच. त्या पायाला वाटतं, हा डॉक्टर तुसडा, तो डॉक्टर देवमाणूस.

मी हे सगळं हसून सांगते खरी, पण मुलाच्या बाबतीत जे झालं त्याला माझा हातभार होता. मी जन्मभर बँकेत कॅशियर होते. नोटा मोजण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ प्रत्येक नोट उजेडात धरून तिच्याशी ओळख करून घेतल्यासारखे बघत. लोक शहाणे, ते सगळे माझ्या रांगेत. संध्याकाळी माझी बोटं दुखत आणि ते गृहस्थ शीळ घालत घरी जात. पगार दोघांना सारखा. ते माझ्या मनात इतकी वर्षं खदखदत होतं.

म्हणून मुलगा एकदा म्हणाला की, मी सगळ्यात जास्त पेशंट बघतो आणि वाटा सगळ्यांएवढाच मिळतो, तेव्हा मी हातातला चमचा खाली ठेवला. म्हटलं, मग गप्प का बसलास? जितकी डोकी तितके पैसे, असा नियम करून घ्या. माझा मुलगा हाताला चपळ आहे. जखमेला टाके घालतो तर बघणाऱ्याचा डोळा लवायच्या आत. त्याने मीटिंगमध्ये विषय मांडला आणि नियम झाला. डोक्यामागे ठरलेला दर. मनगट मोडलेला एक, ताप एक, पोटात दुखणारा एक. वर आणखी एक कलम घातलं: सहा महिन्यांनी ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याला भागीदारीत ठेवायचं की नाही यावर मतदान.

त्या कलमाचा रोख कोणावर होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्यात एक जुने डॉक्टर आहेत, भागीदारी सुरू करणाऱ्यांपैकी. पेशंटशेजारी स्टूल ओढून बसतात. बसणं ही त्या धंद्यात फार महाग गोष्ट आहे. पोरं त्यांना पाठीमागे ‘निवांत’ म्हणतात आणि तोंडावर सर. या निवांत सरांनी नव्या नियमाच्या बाजूने हात वर केला म्हणे. तरुणांना हवंय तर होऊ दे, म्हणाले. मी मुलाला म्हटलं, हे माझ्या शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ दिसतात.

सहा महिने मुलाचा आकडा पहिला होता. मी तो बँकेतल्या मैत्रिणींना फोन करून सांगत असे, त्यांच्या नातवंडांचे मार्क ऐकून घेण्यापेक्षा ते बरं. निवांत सरांचा आकडा तळाला. शुक्रवारी मतदान होतं. बाहेर पडले तर या वयात त्यांना जावयासारखं तासावर आडगावी जाऊन बसावं लागलं असतं. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही वाटलं. बँकेतल्या गृहस्थांचा हिशेब मी त्यांच्याकडून चुकता करून घेत होते.

गुरुवारी सकाळी मी नवा चष्मा आणायला गेले. दुकानदाराने आरसा पुढे धरला, मी बघितलं, बरी दिसले, आणि उठून उभी राहिले तर दुकान फिरलं. चष्म्यांच्या फ्रेमा भिंतीसकट माझ्याभोवती गेल्या आणि परत आल्या. दुकानदार भला माणूस. त्याने मला धरून बसवलं, पाणी दिलं आणि आपल्या गाडीतून जवळच्या रुग्णालयात नेऊन सोडलं. जवळचं म्हणजे मुलाचंच.

नोंदणीच्या खिडकीवर मी फक्त स्वतःचं नाव सांगितलं. डॉक्टरांची आई म्हटलं असतं तर आत पळवत नेलं असतं. पण मुलाने बजावून ठेवलेलं, ड्यूटीवर असताना फोन करायचा नाही. आणि दुसरं म्हणजे, मला त्याला काम करताना बघायचं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये विंगेतून बघायचे तसं. नर्सने प्रेशर बघितलं, बसल्या जागी ते ठीक होतं. घाबरण्यासारखं नाही, म्हणाली, डॉक्टर बोलावतील. मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. समोर काचेची भिंत, काचेपलीकडे डॉक्टरांचं टेबल, आणि त्यांच्या डोक्यावर एक मोठा पडदा. पडद्यावर कोणाचं नाव नाही, लोकांचं खासगी राहावं म्हणून. फक्त तक्रार आणि वय. मी नव्या चष्म्यातून वाचलं. तिसऱ्या ओळीत मी होते: चक्कर, वय ७३.

थोड्या वेळाने मुलगा आला. माझी छाती फुगली. चालणं बघा, बाह्या वर सारलेल्या, मान ताठ. पडद्यापाशी थांबला, बोट वरून खाली फिरवलं आणि एक ओळ निवडली. मनगट, वय १९. तो पोरगा माझ्यानंतर आला होता. मी म्हटलं, असू दे, त्याचं दुखत असेल. मनगट आत गेलं आणि प्लास्टर घालून बाहेर आलंसुद्धा. काय हात चालतो, असं मी शेजारच्या बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्या ओळखीचे आहेत का? मी म्हटलं, तोंडओळख आहे.

मुलगा पुन्हा आला. पुन्हा बोट वरून खाली. बोटात काच गेली, वय ३१. मग कान दुखतो, वय ८. मग घोट्याला मुरगळ. बाकीचे डॉक्टरही येत होते, तेही तसंच बोट फिरवून जात होते. माझ्या वरच्या ओळी गेल्या, खालच्या गेल्या. नव्या आलेल्या ओळींच्या वर जुन्यांतली मी एकटी पडद्यावर शिल्लक राहिले, पानात शेवटी उरलेल्या, कोणाला न आवडणाऱ्या भाजीसारखी.

आधी मला वाटलं, त्याचं लक्ष गेलं नसेल. मग तो परत आला, आणि या वेळी त्याचं बोट माझ्या ओळीवर येऊन थांबलं. मी पदर सारखा केला, उठायच्या तयारीत. तो वाचतोय हे मला काचेतून दिसत होतं. त्याने ओठ जरासे मुरडले. लहानपणी दूध समोर ठेवलं की मुरडायचा तसे. आणि बोट खाली सरकलं.

तेव्हा मला कळलं, कारण ती युक्ती त्यानेच माझ्याच घरात जेवणाच्या टेबलावर मला समजावून सांगितलेली होती. चक्कर कोणी घेत नाही. चक्कर म्हणजे काहीही असू शकतं, कान, मेंदू, हृदय, औषधं, उपास. सगळं विचारत बसावं लागतं, आणि म्हातारं माणूस असेल तर ते आपल्या आजोळापासून सुरुवात करतं. तेवढ्या वेळात तीन मनगटं होतात. त्या दिवशी मी हसले होते. ‘वा, डोकं चालतं तुझं,’ असंही म्हणाले होते.

मला रडू नाही आलं. राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. मुलाला नाव दिसत नव्हतं. नियम माझाच होता.

शेवटी स्टूल सरकवल्याचा आवाज आला आणि मला आत बोलावलं. पांढरे केस, सैल कोट, चेहऱ्यावर काहीच घाई नाही. मी ओळखलं. निवांत सर माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, “सांगा.”

मी सांगितलं. आजोळापासून नाही, पण चष्म्याच्या दुकानापासून. त्यांनी मध्ये तोडलं नाही. त्यांनी मला आडवं करून प्रेशर घेतलं, मग उभं करून घेतलं, आणि उभं केल्यावर तो पारा असा घसरला की त्यांनी माझा दंड धरून ठेवला. मग विचारलं, औषधं कोणती घेता? मी पर्समधून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या. दोन पट्ट्या त्यांनी बाजूला घेतल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, चष्मा नवा आहे ना, मग मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा बघू.

मी वाचलं. वरची नावं दोन, कंपन्या दोन. बारीक अक्षरांत औषध एकच. प्रेशरची तीच गोळी मी दोन महिने रोज दोनदा खात होते.

“कोणी दिल्या?” त्यांनी विचारलं.

एक लेकीने, गेल्या वर्षी, निघता निघता दारात चप्पल घालताना. दुसरी मुलाने, दोन महिन्यांपूर्वी, मी जिना चढून आले तेव्हा टेबलावर यंत्र लावून. आधी काही घेतेस का हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, त्याची गाडी बाहेर चालू होती. सरकारी पगारात मी बसत नाही, तासात बसत नाही, आकड्यात तर नाहीच. घरच्या माणसाचा दर शून्य. मी एवढंच म्हटलं, “ओळखीतल्या डॉक्टरांनी.”

“ओळखीतले डॉक्टर तपासत नाहीत,” ते म्हणाले. त्यांनी स्वतः बहिणीला एकदा जिन्यात उभ्या उभ्या गोळी लिहून दिली होती, आणि ती आठवडाभर खाजवत बसली होती. ते सांगताना त्यांना हसू आलं, मलाही आलं. मग त्यांनी एक पट्टी बंद करायला सांगितली, अंथरुणातून उठताना आधी काठावर बसायचं हे दोनदा समजावलं, आणि विचारलं, घरी कोण असतं? मी म्हटलं, मुलगा. काय करतो? माझ्या तोंडून निघून गेलं, “टाके घालतो.”

ते लिहीत राहिले. मी दारापाशी गेले तेव्हा मागून म्हणाले, “मुलाला सांगा, टाके फार सुंदर घालतो तो. माझ्याहून चांगले.”

त्यांच्या हातात माझा कागद होता आणि त्यावर माझं आडनाव. मी मागे वळून बघितलं नाही. रिक्षा करून घरी आले.

संध्याकाळी मुलगा खुशीत आला. आजचा आकडा या महिन्यातला सगळ्यात मोठा होता. मी ताट वाढलं आणि सहज विचारलं, गर्दी होती का? तो म्हणाला, होती, पण पळवली. मग स्वतःच हसला आणि म्हणाला, निवांत सरांनी आज तर कमालच केली. कोणी एक म्हातारी चक्कर येते म्हणून आली होती, तिच्याशी पाऊण तास बोलत बसले. ना एक्स-रे, ना सलाईन, ना काही. उद्या मीटिंगमध्ये मी हेच उदाहरण देणार आहे.

मी आत गेले आणि दोन्ही पट्ट्या आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवल्या.

“यातली ही बंद करायला सांगितलीय,” मी म्हटलं. “ही तू दिलेली.”

त्याने पट्ट्या उचलल्या. वरची नावं वाचली, मग बारीक अक्षरं. डॉक्टर आहे, त्याला वेळ लागला नाही. घास तोंडात तसाच राहिला.

“तू आली होतीस?”

“खिडकीजवळच्या खुर्चीत होते.”

“आई, मला नाव दिसत नव्हतं.”

“माहीत आहे. दिसलं असतं तर धावत आला असतास.”

त्याला दुखलं होतं, आणि दुखायलाच हवं होतं असं मला वाटत होतं, आणि तरी माझा हात त्याच्या पाठीवर जायला बघत होता. मी तो आवरला आणि ताटात आणखी वाढलं. मग त्याने यंत्र आणलं. माझं प्रेशर बसून घेतलं, उभं करून घेतलं, आणि पहिल्यांदाच विचारलं की मी आणखी काय काय औषधं घेते. उत्तराला बराच वेळ लागला. मी आजोळापासून सुरुवात केली, मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. निवांत सर राहिले. एकमताने. मला भरून आलं. म्हटलं, सांगितलंस तर सगळ्यांना. तो म्हणाला, ते नाही सांगितलं. मी फक्त विचारलं की सर गेले तर चक्कर कोण घेणार? म्हातारी माणसं, अशक्तपणा, ‘कसंतरी होतंय’वाली, हे सगळं आपल्यालाच वाटून घ्यावं लागेल, मग आपल्या आकड्यांचं काय होईल? एवढं म्हटल्यावर सगळे हात एकदम वर गेले, आई. दोघांनी तर दोन्ही हात वर केले.

मी डोक्याला हात लावला. खरं सांगितलं असतं तर किती हात वर झाले असते, ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलं की सरांना ‘ज्येष्ठ सल्लागार’ असा किताबही दिलाय. पैसे? पैसे नाहीत, किताब.

पंधरा दिवसांनी मी प्रेशर दाखवायला निवांत सरांकडे गेले. त्यांनी बाजूच्या दाराने यायला सांगितलं होतं, नोंदणी न करता. म्हणजे त्यांच्या आकड्यात माझी भर नाही, हे मला बँकेतल्या बाईला समजायला वेळ लागला नाही. प्रेशर उत्तम होतं, आडवं आणि उभं. मी आभार मानले आणि मुलाबद्दल काही बोलावं की नाही अशा विचारात होते, तर त्यांनीच तोंड उघडलं.

“तुमच्या मुलाला जरा समजावा,” ते म्हणाले. “हल्ली माझे पेशंट पळवतो. चक्कर दिसली की माझ्याआधी तो. परवा एका आजोबांजवळ तासभर बसला होता, माझंच स्टूल नेऊन. माझा आकडा होता त्याहून खाली गेला.”

मी म्हटलं, समजावते.

महिनाअखेरीला मुलाचा आकडा पहिला तर नव्हताच, पहिल्या पाचांत कुठे शोधूनही सापडेना. पैसेही त्या मानाने आले. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा तिच्या नातवाचे मार्क मी मुकाट ऐकून घेतले. मग लेकीला फोन करून सांगितलं की तुझ्या भावाचा आकडा घसरला. ती काळजीने म्हणाली, का गं, बरा आहे ना तो?

“बरा होतोय,” मी म्हटलं.

पैशांचं मात्र मला अजून वाईट वाटतं.